बाजा बग्गीची बांधणी: आधी टायर, शेवटी चौकट

बाजा, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या, खडबडीत वाटेवर धावणाऱ्या एकआसनी बग्गींच्या स्पर्धेसाठी नव्याने उभा राहिलेला संघ बहुधा पहिल्याच आठवड्यात संगणकावर रोल केज, म्हणजे चालकाभोवतीची नळ्यांची चौकट, रेखाटायला बसतो. चौकट डोळ्यांना दिसते आणि तिचे चित्र प्रायोजकांपुढे ठेवता येते, म्हणून हा मोह स्वाभाविक आहे. परंतु गाडी बिघडण्याची सुरुवातही बहुतेक वेळा येथूनच होते. चौकट म्हणजे सस्पेन्शन जोडण्याचे बिंदू, चालक, इंजिन आणि सुकाणू यांना आपापल्या जागी धरून ठेवणारा सांगाडा होय. त्या जागा ठरल्याशिवाय काढलेली चौकट नंतर कापावी लागते, नाही तर सस्पेन्शनला तिच्यापुढे नमते घ्यावे लागते. म्हणून कराड, सांगली किंवा साताऱ्याच्या कोणत्याही महाविद्यालयातील संघाने टायरपासून सुरुवात करून आत यावे आणि चौकट सर्वांत शेवटी रेखाटावी.

त्याआधी त्या वर्षीचे नियमपुस्तक प्रत्येक सदस्याने पूर्ण वाचावे. ही स्पर्धा १९७६ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली आणि भारतात ती २००७ पासून घेतली जाते. मूळ स्वरूप तेच असले, तरी मापे आणि तपासणीचे मुद्दे दरवर्षी थोडे बदलतात. गेल्या वर्षीच्या संघाची गाडी समोर ठेवून नवी बांधणाऱ्यांना हे बदल तांत्रिक तपासणीच्या टेबलावरच कळतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

टायर निवडला की बाकीचे आकडे आपोआप बोलू लागतात. २३ इंच व्यासाचा टायर, १० अश्वशक्तीचे ३०५ सीसी इंजिन, मिनिटाला ३८०० फेऱ्यांची मर्यादा आणि सुमारे १९ न्यूटन-मीटर टॉर्क असे धरू. सीव्हीटीचे, म्हणजे पट्ट्यावर चालून गुणोत्तर आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचे, गुणोत्तर ३.९ ते ०.९ आणि त्यानंतरच्या गिअरबॉक्सचे ८ असल्यास, ८५ टक्के कार्यक्षमतेने चाकांवर सुमारे ५०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, म्हणजे जमिनीवर साधारण १७०० न्यूटनचे बल. चालकासह २५० किलोची गाडी एवढ्या बलाने कागदावर ४० अंशांहून अधिक चढ चढते, आणि सपाटीवर तिचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास जातो. प्रत्यक्षात चढावर इंजिनाच्या आधी टायरची पकड संपते. त्यामुळे गुणोत्तर वाढवत नेण्यापेक्षा मागच्या चाकांवर पुरेसा भार राहील अशी मांडणी करणे आणि फिरणाऱ्या भागांचे वजन कमी करणे अधिक फायद्याचे ठरते. तीनचाकी मालवाहू रिक्षाचा तयार गिअरबॉक्स स्वस्त मिळतो आणि पहिल्या वर्षी तो वापरण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र तो जड असतो, म्हणून दुसऱ्या वर्षी स्वतःचा दोन टप्प्यांचा गिअरबॉक्स करण्याची तयारी आधीपासून ठेवावी.

यानंतर सस्पेन्शन. पुढे दुहेरी विशबोन (चाकाला धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात) आणि मागे ट्रेलिंग आर्म (चाकाच्या पुढून मागे येणारा हात) किंवा एच-आर्म (एच आकाराचा हात) ही रचना सर्वमान्य आहे, पण खरा प्रश्न चाक वर-खाली होताना काय घडते हा आहे. पूर्ण प्रवासात कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, किती बदलतो, टाय रॉडमुळे, म्हणजे सुकाणूपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यामुळे, चाक आपोआप वळते का, आणि मागचे चाक सर्वांत खाली लोंबकळत असताना चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (वाकूनही फिरत राहणाऱ्या सांध्याचा) कोन त्याच्या मर्यादेत राहतो का, हे तिन्ही तपासल्याशिवाय एकही ब्रॅकेट कापू नये. रॉड एंडच्या, म्हणजे टोकाला गोलाकार बेअरिंग असलेल्या जोडाच्या, दांड्यावर वाकवणारा भार येईल अशी जोडणी टाळावी आणि प्रत्येक बोल्ट दोन्ही बाजूंनी पत्र्यात धरलेला असावा. मैदानात मोडणारे भाग पाहिले, तर बहुतेक वेळा या दोनपैकी एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालेले आढळते.

ब्रेकचा हिशेब अनेकजण उरकून टाकतात, म्हणून तो येथे मांडतो. दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किट आणि चारही चाके लॉक होणे या अटी आहेत. उभ्या गाडीत पुढे १०० आणि मागे १५० किलो भार असेल, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर, चाकांमधील लांबीचे अंतर १.४ मीटर आणि घर्षणांक ०.७ असेल, तर जोरात ब्रेक लावताना जवळजवळ ६९ किलो भार मागून पुढे सरकतो. म्हणजे पुढे १६९ आणि मागे ८१ किलो असे चित्र उलटते. पुढच्या कॅलिपरना (डिस्क दाबून धरणाऱ्या पकडींना) मागच्यांच्या दुपटीने काम करावे लागणार, हे यावरून स्पष्ट होते. चारही चाकांना सारखेच कॅलिपर आणि सारख्याच डिस्क लावून मोकळे होणाऱ्या संघांची पुढची चाके लॉक होत नाहीत, ती यामुळेच.

आता चौकटीकडे यावे. संघातील सर्वांत उंच आणि सर्वांत धिप्पाड चालकाला बसवून, प्लंबिंगच्या पीव्हीसी नळ्यांची पूर्ण आकाराची प्रतिकृती आधी उभी करावी. हेल्मेटपासून वरच्या नळ्यांपर्यंत ६ इंच आणि शरीराच्या बाजूंना ३ इंच मोकळी जागा राहते का, आणि आसनाचे पट्टे सोडवून चालक ५ सेकंदांत बाहेर येतो का, हे संगणकापेक्षा या प्रतिकृतीत खरे कळते. मुख्य नळ्यांसाठी २५ मिलिमीटर बाह्य व्यास, ३ मिलिमीटर जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असलेले पोलाद हा मूळ निकष आहे. वाकण्याची ताठरता आणि ताकद तेवढी असल्याचे गणिताने दाखवले, तर दुसरी नळी चालते. ४१३० क्रोमोली या मिश्र पोलादाची २९.२ बाय १.६५ मिलिमीटरची नळी मीटरमागे सुमारे १.१ किलो भरते, तर मूळ नळी १.६ किलो. पंचवीस मीटर नळी लागली, तर बारा-तेरा किलोंची बचत होते, आणि रस्त्यावरच्या मोटारींच्या जगात क्षुल्लक वाटणारे हे वजन १० अश्वशक्तीच्या बग्गीत चढावर स्पष्ट जाणवते.

जुळणीसाठी समपातळीत केलेले टेबल आणि नळ्या जागच्या जागी धरणारे पक्के फिक्स्चर हवे. नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईला फटीशिवाय बसेल असे नॉच करावे, आधी सर्वत्र टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारावेत आणि मग एका बाजूचा सांधा झाला की समोरच्या बाजूचा, अशा क्रमाने टिग वेल्डिंग करावे. एकीकडून सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने चौकट ओढली जाते आणि सस्पेन्शनचे बिंदू हलतात. त्याच वेल्डरकडून, त्याच नळीचे नमुना सांधे करून घेऊन ते तोडून आणि कापून पाहावेत. सांधा सुटण्याऐवजी नळी फाटली पाहिजे.

या कामासाठी आपला भाग खरोखर अनुकूल आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून कृष्णाकाठाला ओतकाम आणि यंत्रकामाची सवय आहे; कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथ, व्हीएमसी आणि वायरकट ही धातू कापणारी यंत्रे सहज मिळतात, आणि तेथील अनुभवी टर्नर ड्रॉइंगमधील टॉलरन्सबद्दल (मापात चालणाऱ्या फरकाबद्दल) जे सांगतो, ते विद्यार्थ्याने वहीत लिहून घ्यावे. एक काळजी घ्यावी: ऊस गळीत हंगामाच्या तोंडावर फॅब्रिकेशनची दुकाने ट्रॉलीच्या दुरुस्तीत गुंतलेली असतात, म्हणून चौकटीचे काम पावसाळ्यातच संपवलेले बरे.

गाडी चाकांवर उभी राहिली, की स्पर्धेपर्यंतचा जेवढा वेळ चाचणीला देता येईल तेवढा थोडाच. अनेक वर्षे ही स्पर्धा मध्य प्रदेशातील पीथमपूरला झाली, आणि तेथील माळव्याचे पठार आपल्यासारखेच दख्खनच्या काळ्या खडकाचे आहे. नदीकाठच्या काळ्या मातीत चिखल मिळतो, तर जत, आटपाडी, माण, खटावच्या माळरानावर दगड आणि धूळ, दोन्हीकडे चालवावे. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्यावी, उभ्या पिकाच्या बांधालाही चाक लागू देऊ नये, आणि कास पठाराकडे किंवा अभयारण्याच्या हद्दीत गाडी कदापि नेऊ नये. चालकाने हेल्मेट, पट्टे आणि मानेचा आधार यांशिवाय बसू नये. अग्निशामक हाताशी ठेवावा आणि इंजिन तत्काळ बंद करणारे दोन्ही किल स्विच दर वेळी दाबून तपासावेत.

सहनशक्ती फेरी चार तासांची असते, तेव्हा सरावही एकदा तरी सलग चार तासांचा करावा. सीव्हीटीचा पट्टा तापून घसरू लागतो, एअर फिल्टर धुळीने बुजतो, ब्रेकची नळी कोठेतरी घासत असते, हे पंधरा मिनिटांच्या फेरफटक्यात कळत नाही. प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे तो फिरला की लगेच दिसतो. जो भाग मोडेल त्याचा दिवस, जागा आणि तेव्हा गाडी काय करत होती हे नोंदवून ठेवावे. डिझाइनच्या परीक्षकांपुढे ही वही संगणकावरील रंगीत ताणचित्रांहून जास्त उपयोगी पडते. ट्रकमध्ये सुटे भाग भरतानाही तीच वही उघडावी आणि जे चाचणीत मोडले त्याच्या दोन-दोन प्रती, म्हणजे टाय रॉड, रॉड एंड, ड्राइव्ह शाफ्ट आणि सीव्हीटीचा पट्टा, आधी आत ठेवाव्यात.