शेती-अन्न संशोधन स्पर्धेत उतरताय? या चुका टाळा

सांगली-तासगाव पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प म्हणजे बेदाण्याचा सोलर ड्रायर. त्यात वावगं काही नाही. बेदाणा इथला, त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि मार्चमध्ये अवकाळी आला की शेडमधल्या रॅकवर काय हाल होतात ते पोरांनी घरीच पाहिलेलं असतं. तरीही परीक्षक म्हणून बसलो की बघतो, यातले बरेच ड्रायर एकाच प्रश्नावर गारद होतात: कशापेक्षा चांगला?

एका चमूचं सांगतो. पोस्टर देखणं, मॉडेल चकाचक. ‘आमच्या ड्रायरमध्ये बेदाणा सात दिवसांत तयार होतो, शेडमध्ये पंधरा लागतात.’ शेडचा माल कधी टाकला होता? फेब्रुवारीत. आणि ड्रायरचा? एप्रिलमध्ये. मग वाचलेल्या आठ दिवसांतले किती ड्रायरचे आणि किती तासगावच्या उन्हाचे, हे त्यांनाही सांगता येईना. एकाच बागेतली, एकाच दिवशी काढलेली द्राक्षं, एकाच द्रावणात बुडवून (लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल) निम्मी रॅकवर आणि निम्मी ड्रायरमध्ये टाकली असती, तर हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती.

पुढे उताऱ्याचा आकडा आला: १०० किलो द्राक्षांपासून ३५ किलो बेदाणा. इथे परीक्षक मनातल्या मनात हिशेब मांडतो, तो तुम्ही आधी मांडा. काढणीला ब्रिक्स (रसातल्या विरघळलेल्या घन पदार्थांची, मुख्यतः साखरेची, टक्केवारी) किती होता? २२. म्हणजे १०० किलो मण्यांत विरघळलेले घन पदार्थ २२ किलो, सालीबिलीचे धरून २४ म्हणू. बाकी सगळं पाणी. ३५ किलो बेदाण्यात २४ किलो घन असेल तर पाणी ११ किलो, म्हणजे ३१ टक्के ओलावा. टिकाऊ बेदाणा १५ टक्क्यांच्या आसपास लागतो. त्या ओलाव्याला हिशेब केला तर २८ किलोच निघतात, आणि देठ, फुटके-डागी मणी बाजूला पडले की शेतकरी म्हणतो तो ‘चार किलोला एक किलो’ येतो. उतारा वाढला नव्हता. माल ओला असतानाच काढला होता. साहजिकच ते ‘सात दिवस’ही संशयात आले. दोन्ही माल एकाच ओलाव्याला आणल्याशिवाय दिवस मोजायचेच नाहीत.

ओलावा मोजण्यातही एक खोच आहे. प्रयोगशाळेतला ओव्हन १०५ अंशांवर लावून रात्रभर ठेवायचा, ही सवय सगळ्यांना असते. बेदाण्यातली साखर त्या तापमानाला स्वतःच बदलायला लागते, वजन घटतं आणि ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून ७० अंशांचा व्हॅक्यूम ओव्हन वापरतात. हळदीत साखरेऐवजी तेल आडवं येतं. उडनशील तेल पाण्याबरोबर निघून जातं, म्हणून मसाल्यांना टोल्युईन या द्रावकाबरोबर ऊर्ध्वपातनाची पद्धत. सोय नसेल तर साधा ओव्हन वापरा, पण तसं पोस्टरवर लिहा. आणि टक्केवारी ओल्या वजनावर की कोरड्या, तेही लिहा. ८० टक्के पाणी असलेला माल कोरड्या वजनावर ४०० टक्के दिसतो, आणि अशा आकड्यांवर मी भांडणं झालेली पाहिली आहेत.

आता पुनरावृत्ती. एकाच ड्रायरमध्ये एकाच वेळी ठेवलेले तीन ट्रे म्हणजे तीन पुनरावृत्त्या नव्हेत. तो एकच घाणा, तीनदा मोजलेला. दुसऱ्या दिवशी नवा माल टाकाल तेव्हा दुसरी पुनरावृत्ती.

शेतातल्या प्रयोगात हीच चूक पाटाच्या पाण्यावरून होते. उसात किंवा आल्यात चार सऱ्यांना नवं खत द्यायचं, शेजारच्या चार मोकळ्या ठेवायच्या, आणि खताच्या सऱ्या नेमक्या पाटाकडच्या निघायच्या! रानाचे आडवे पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात सगळे उपचार (म्हणजे तुलना करायच्या खताच्या मात्रा किंवा पद्धती) येऊ द्या, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. चार उपचार असतील तर पाच पुनरावृत्त्या धरा. सांख्यिकीवाले त्रुटीला किमान १२ स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) मागतात; ते उपचार वजा एक गुणिले पुनरावृत्त्या वजा एक असे काढतात, आणि (४−१)×(५−१) म्हणजे बरोबर १२.

पेटंटबद्दल थोडक्यात. ‘पेटंट घेणार आहोत’ असं सांगत अख्खी रचना पोस्टरवर छापू नका. आधी जाहीर झालं की नावीन्य संपतं. आधी तात्पुरता अर्ज करा, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. शेतीची वा फळबागेची निव्वळ पद्धत पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार पेटंटला पात्र नाही, यंत्र पात्र ठरू शकतं. आजीच्या हळदीच्या लेपाचा तर विचारही नको. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने पुरावे दाखवल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र कॅलेंडरची. शिवाजी विद्यापीठात सांगली, सातारा, कोल्हापूर हे तीन जिल्हे. २००६ पासून राज्यात ‘आविष्कार’ ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा चालू आहे आणि त्यात शेती व पशुसंवर्धन असा स्वतंत्र विभाग आहे. पण फेऱ्या साधारण दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतात, तेव्हा बेदाण्याची द्राक्षं अजून वेलीवर धरायची असतात आणि हळद जमिनीत असते. मग बाजारातून आणलेल्या खायच्या द्राक्षांवर घाईघाईने एक घाणा काढतात, ब्रिक्स १६. या दोन पिकांवर काम करायचं तर यंदाचे आकडे पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी, असं धरूनच फेब्रुवारीत सुरुवात करावी लागते.

उशिरा जाग आली असेल तर त्या हंगामात जे चालू आहे ते घ्या. दिवाळीनंतर वाळवा-कराडकडे गुऱ्हाळं पेटलेली असतात. रस साफ करायला कुणी भेंडीचा चिकट रस घालतं, कुणी हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन). गुऱ्हाळमालकाशी आधी बोलून ठेवा. एक काहिल (रस उकळायची मोठी कढई) भेंडीची, एक हायड्रॉसची, एक नुसती. त्याच रानातला ऊस, तोच गुळव्या (गूळ करणारा कारागीर), आणि असे पाच दिवस.