अंगणात भराव टाकताय? स्वस्ताच्या नादात या चुका टाळा

बंगल्याचं काम संपतं, रंग होतो आणि मग लक्षात येतं की मागचं परस रस्त्यापेक्षा फूटभर खाली आहे. पावसाळ्यात तिथे तळं होणार. तोवर हातातले पैसे संपलेले असतात, त्यामुळे "स्वस्तात माती टाकून देतो" म्हणणाऱ्या पहिल्याच माणसाला होकार जातो.

ट्रॉलीवर सौदा

भरावाचं माप ब्रास, म्हणजे 100 घनफूट. ट्रॉली हे माप नव्हे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट उंच हौदा काठोकाठ भरला तर 90 घनफूट होतात. पण मधे ढीग आणि कोपरे रिकामे अशी गाडी आली, तर पाऊण ब्रासही भरत नाही. गाडी पालथी व्हायच्या आधी टेप लावा. ड्रायव्हर कुरकुरला तर कुरकुरू दे.

आपला हिशोबही नीट करा. 40 बाय 25 फुटांची जागा एक फूट उचलायची तर 10 ब्रास लागतात, हे दाबून बसल्यानंतरचं माप. सैल मुरूम पाणी मारून ठोकला की पाचवा हिस्सा, कधी पाव भागही खाली जातो. त्यामुळे साडेबारा-तेरा ब्रास धरून चाला.

सगळीकडे एकच माती

खरी बचत इथे आहे आणि नेमकी हीच कुणी करत नाही. खाली मुरूम चालतो. चांगली माती फक्त वाफ्यांत, वरच्या नऊ इंच ते फूटभर थरात लागते. अख्खं परस महागड्या लाल मातीने भरणं म्हणजे पैसे पुरणं. उलट नुसत्या मुरमावर लॉन लावलं तर उन्हाळ्यात पाणी घालून दमाल.

काळी माती फुकट मिळाली तरी पेव्हर, पायऱ्या किंवा कुंपणाच्या भिंतीखाली टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचं काम उचकटते. वाफ्यात शेणखत मिसळून मात्र खुशाल वापरा.

फुकटचा राडारोडा

जुनी इमारत पाडलेल्या जागेवरून आलेल्या "माती"त विटांचे तुकडे, प्लास्टर, काचा, टाइल्स, वायरी असतात. मधल्या पोकळ्या हळूहळू बसतात आणि पुढच्या पावसात अंगणाला खड्डे पडतात. झाडासाठी खड्डा घेतला की कुदळ खणखणते ती वेगळीच. रस्त्याकडेची माती गाजरगवताचं बियाणं आणि लव्हाळ्याच्या गाठी घेऊन येते. लव्हाळा एकदा घुसला की वर्षानुवर्षं उपटत बसा.

त्यापेक्षा जवळपास कुठे विहीर, पाया किंवा पार्किंगचं तळघर खोदत असतील तिथे विचारा. त्यांना माती हलवायचीच असते, तुम्हाला बहुतेकदा वाहतुकीचाच खर्च येतो. आधी मूठभर माल ओला करून दाबून बघा. चांगल्या मुरमाचा गोळा धरतो आणि हातात खडे लागतात. नुसता चिकट लगदा झाला तर ती मातीच.

पावती न मागणं

मुरूम आणि भरावाची माती गौण खनिजात येते. 2021 मध्ये शासनाने मुरमाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासला 400 वरून 600 रुपये केलं. आता मुरूमवाला खोदाई, भराई आणि डिझेल धरूनही त्याच्याच आसपासचा दर सांगत असेल, तर माल कुठून येतोय हे ओळखा. वाहतूक पास मागा. पाया खोदताना निघालेली माती प्लॉटबाहेर न्यायची असली तरी तहसील कार्यालयात विचारून घ्या. महसूलवाल्यांनी गाडी अडवली तर काम रखडतं आणि दंडाचा विषय निघतो.

एकदम ओतून सपाट करणं

जेसीबीने सगळा ढीग एका तासात पसरतो, दिसायला छान दिसतो आणि ऑगस्टमध्ये खचतो. सहा ते आठ इंचांचे थर द्या, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवा. वाफ्याची जागा मात्र ठोकू नका. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, कारण मे महिन्यात सगळ्यांनाच घाई असते आणि दर चढतात. पेव्हर बसवायची घाई नसेल तर एक पावसाळा जाऊ द्या.

उतार घरापासून लांब ठेवा, पण शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको. भराव जोत्याच्या वर गेला तर ओल सरळ भिंतीत शिरते. आंबा-नारळासारख्या जुन्या झाडाचं खोडही फूटभर पुरू नका. बुंध्याभोवती दगडांचं कडं करून मूळ पातळी तशीच राहू द्या.