ब्राझीलचं वेट ब्लू घेण्याआधी लॉटमागची जनावरं तपासा

कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्हाही येतो. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या त्या चामड्यासाठी हा खटाटोप नको. बॅगा, पट्टे, सोफ्यांसाठी ब्राझीलचं वेट ब्लू, म्हणजे क्रोममध्ये कमावलेलं ओलं, निळसर चामडं घेणाऱ्यांनी मात्र करावा; ते जंगल तोडून केलेल्या कुरणावरच्या जनावराचं असू शकतं. ‘आमचा माल जंगलतोडमुक्त’ असं लेटरहेडवर लिहून आलं, तर त्याला काडीची किंमत देऊ नका.

पैसे अडकण्याआधीच टॅनरीकडून लॉटनिहाय तीन गोष्टी मागा: कत्तलखान्याचा एसआयएफ (केंद्र सरकारच्या तपासणीचा) क्रमांक, कत्तलीची तारीख आणि जनावरं देणाऱ्या शेतांचे सीएआर (जमिनीच्या पर्यावरण नोंदणीचे) क्रमांक. चार कत्तलखान्यांची कातडी एका ड्रममध्ये गेली की माग संपला. म्हणून लॉट वेगळा ठेवणार का, हेही लेखी घ्या.

सीएआर ही मालकाने स्वतः भरलेली नोंद, तिला सातबाऱ्याचं वजन नाही. पण शेताची हद्द कळते. ती ब्राझीलच्या अंतराळ संस्थेच्या टेराब्राझिलिस या संकेतस्थळावरच्या नकाशात प्रोडेसच्या, म्हणजे उपग्रहावरून केलेल्या वार्षिक जंगलतोड नोंदीच्या थराशी जुळवा. ३१ डिसेंबर २०२० नंतरची तोड दिसली तर लॉट सोडा. युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमातली तारीख हीच आहे. इथे बरेच जण फसतात: प्रोडेसचं वर्ष ऑगस्ट ते जुलै असतं, त्यामुळे ‘२०२१’ मध्ये २०२० चे पाच महिने येतात. उपग्रहचित्राची तारीख बघा. शिवाय प्रोडेस साफ तोड मोजतं; आगीने किंवा निवडक तोडीने विरळ झालेलं रान डेटेर या त्याच संस्थेच्या तातडीच्या इशाऱ्यांत सापडतं. इबामा या ब्राझीलच्या पर्यावरण संस्थेने बंदी घातलेल्या जमिनींची यादीही चाळा.

एवढं स्वच्छ निघालं तरी खरी गोम पुढेच आहे. कत्तलखान्याला माल देणारं शेत अनेकदा फक्त जनावर पोसून वजन वाढवतं; वासरू जन्मतं आणि वाढतं दुसरीकडेच. म्हणून त्या शेतात जनावरं आली तेव्हाचा जीटीए, म्हणजे वाहतुकीचा परवाना, मागा. सांगोल्याच्या बाजारात दात बघतात, तसा इथे वयोगटाचा रकाना बघायचा. येतानाच जनावरं २५ ते ३६ महिन्यांची असतील, तर आधीची दोन वर्षं कुठे चरली? त्या शेताचाही सीएआर हवा. जीटीए सहसा मिळत नाही. माणसांची नावं खोडून दिला तरी चालेल, पण संख्या, वय, तारीख आणि शेत सोडू नका.

मग साधा भागाकार. अॅमेझॉनकडच्या कुरणावर हेक्टरी एक-दीड जनावर पोसतं. २०० हेक्टरचं शेत वर्षाला १,५०० जनावरं विकत असेल आणि बांधून खुराक घालायची सोय नसेल, तर दुसऱ्याचा माल त्याच्या नावावर खपतोय. असा लॉट घेऊ नका, मग भाव कितीही पाडून दिला तरी.