नरक्याचा अर्क पेशींवर तपासताना

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हा पेशी मारणारा रेणू असतो. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधं याच रेणूवरून घडवलेली आहेत. म्हणून एमटीटी चाचणी (किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून मोजणारी) शिकायला हे झाड उत्तम. इथे परिणाम दिसलाच नाही, तर आधी आपलीच चूक शोधायची. सालीसाठी झाड मात्र सोलू नका. बेसुमार तोडीने नरक्या आधीच विरळ झालाय. वनखात्याची परवानगी घेऊन डहाळ्या छाटा, ओळख पक्की करून घ्या आणि नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवा.

डहाळ्या सावलीत वाळवून दळा. पूड विषारी असते, मास्क हवाच. १० ग्रॅम पूड १०० मिलि मिथेनॉलमध्ये २४ तास शेकरवर ठेवा, गाळा आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना आटवा. वजन स्थिर होईपर्यंत निर्वातात वाळवा. मिथेनॉल उरलं तर पेशी त्यानेच मरतील. २० मिग्रॅ अर्क १ मिलि डीएमएसओ या द्रावकात विरघळवा. मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) २०० पट पातळ केल्यावर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिचा डोस मिळतो, त्यात डीएमएसओ ०.५ टक्के. पुढचे निम्मे-निम्मे डोस ०.५ टक्के डीएमएसओ घातलेल्या मीडियमनेच करा. द्रव गढुळला तर अर्क साका होऊन खाली बसतोय. तो डोस वापरू नका.

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) प्रत्येक वेलला २,००० टाका. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, तिथे फक्त पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भरा. २४ तासांत पेशी चिकटल्या की मीडियम काढून २०० मायक्रोलिटर डोस द्या आणि ७२ तास थांबा. कॅम्प्टोथेसिन डीएनएची प्रत बनत असतानाच पेशीला गाठतं, त्यामुळे २४ तासांत फारसं काही दिसत नाही. शेजारी तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचे आणि शुद्ध कॅम्प्टोथेसिनचे वेल हवेतच.

मग पीबीएसने हलकेच धुऊन ताजं मीडियम द्या आणि एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याच्या ५ मिग्रॅ प्रति मिलि द्रावणाचे २० मायक्रोलिटर घाला. ३-४ तासांत सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींवर जांभळ्या सुयांचे झुपके दिसतात. द्रव अलगद काढा, १०० मायक्रोलिटर डीएमएसओत सुया पूर्ण विरघळवा, बुडबुडे फोडा आणि ५७० नॅनोमीटरला वाचा.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: अर्कातली पॉलिफेनॉल्स पेशींशिवायही एमटीटी जांभळं करतात आणि मेलेला वेल जिवंत वाटतो. म्हणून पेशीविरहित वेलमध्ये प्रत्येक डोस आणि एमटीटी एकत्र घालून बघा. तिथे रंग चढला, तर धुण्यावर विसंबू नका, पेशींतली प्रथिनं रंगवून मोजणारी सल्फोरोडामाइन बी चाचणी करा.

आयसी५० (परिणाम निम्म्यावर आणणारा डोस) काढताना निरोगी पेशींवरही तेच डोस चालवा. दोन्हीकडे सारखंच मरण असेल, तर अर्क नुसता विषारी आहे. अहवालात ‘कर्करोगरोधक’ लिहू नका, ‘पेशीमारक’ लिहा. आणि एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, नव्याने पेशी टाकून आकडे घ्या.