मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचं गाव शोधताय? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मॉरिशसहून आलेल्या एका कुटुंबाला घेऊन मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला गेलो होतो. त्यांच्याकडच्या, पूर्वजाच्या मॉरिशसमधल्या नोंदीच्या उताऱ्यावर गाव ‘खेड’ आणि बंदर ‘मुंबई’ एवढंच होतं. दोन दिवस वाड्यावाड्यांतून हिंडलो. एका घरातल्या जुन्या माणसांची नावं पाहुण्यांच्या पूर्वजाच्या नावाशी जुळली. घरच्या आजींनी पाहुणीची ओटी भरली, मुलांच्या तोंडावरून हात फिरवला आणि निघताना सगळेच रडले. सहा महिन्यांनी त्याच नोंदीच्या अख्ख्या पानाची प्रत आली. गावाच्या शेजारच्या रकान्यात जिल्हा लिहिला होता: पुणे. म्हणजे ते खेड आजचं राजगुरुनगर. मी दीडशे वर्षांपूर्वी तुटलेलं नातं जोडायला गेलो आणि भलत्याच घरात जोडून आलो.

तेव्हापासून असा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी चुकांबद्दल सांगतो. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या मराठी माणसांची कागदपत्रं आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ शिल्लक आहेत. शोध अडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या कागदात चुकीची गोष्ट शोधल्यामुळे.

कुटुंबात सांगितलेलं साल तसंच धरणं

मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ पासून कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते आणि ते हिंदुस्थानातून करारावर नेले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ जण मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात उतरले, ते कलकत्त्याहून निघालेले. पुढच्या आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसं तिथे गेली. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांतले बरेचसे १८४० ते १८६० च्या दशकांतले.

‘आमचे खापरपणजोबा १८४० साली आले’ असं घरात सांगत असतील तर थांबा. मजुरांच्या हालांचा बोभाटा झाल्यामुळे १८३९ ते १८४२ या काळात हिंदुस्थान सरकारने ही भरती बंद ठेवली होती. साल बहुधा मागेपुढे झालं आहे, तेव्हा १८३४ ते १८३८ आणि १८४३ नंतर अशा दोन्ही बाजू तपासा. तसंच ‘ते आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले’ हे वाक्य आज प्रत्येक घरात ऐकू येतं, पण मजुरांना उतरवून घेण्याचा पोर्ट लुईसमधला तो तळ उभा राहिला १८४९ साली. त्याआधी आलेल्या माणसाच्या कहाणीत त्या पायऱ्या नंतर शिरल्या आहेत.

आणखी एक शक्यता लोकांना नकोशी वाटते. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातून शिक्षा झालेले कैदीही मॉरिशसला पाठवले गेले आणि त्यांनी तिथले रस्ते बांधले. १८३६ मध्ये तिथे आलेल्या चार्ल्स डार्विनने त्यांना पाहिलं होतं आणि त्यांच्याबद्दल लिहिलंही आहे. ही माणसं गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आलेल्या मजुरांच्या, नोंदवहीत सापडणार नाहीत. पूर्वज तिथे नाही म्हणून कहाणी खोटी, असं ठरवू नका. आधी तुम्ही उघडलेली वही त्याचीच आहे का ते बघा.

आडनाव शोधणं

सर्वांत जास्त वेळ यात वाया जातो, म्हणून याबद्दल सविस्तर सांगतो.

आपण आडनावावरून नातं ओळखतो. त्यामुळे मॉरिशसच्या मराठी माणसाला पहिला प्रश्न हाच: ‘मूळ आडनाव काय? कदम, सावंत, शिंदे?’ तो सांगतो ‘बाबाजी’ किंवा ‘सखाराम’. मग आपण म्हणतो, आडनाव हरवलं. खरं म्हणजे वहीत ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. त्या काळी कोकणातला कष्टकरी माणूस कारकुनापुढे स्वतःचं नाव सांगायचा, विचारलं तर बापाचं. कारकुनाने तेवढंच लिहिलं. तिकडे मुलं झाली तेव्हा जन्मनोंदीच्या फ्रेंच पद्धतीत घराण्याचं नाव लागत होतं, आणि तिथे बापाचं पाळण्यातलं नाव जाऊन बसलं. बाबाजी नावाच्या एका माणसाचे सगळे वंशज ‘बाबाजी’ झाले. त्याच जहाजातल्या दुसऱ्या बाबाजीचे वंशजही ‘बाबाजी’च. त्यामुळे मॉरिशसमधल्या दोन ‘सखाराम’ घरांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही, आणि सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावं वेगळी असू शकतात. एक भाऊ सखाराम, दुसरा तुकाराम, की लागली दोन घराणी.

त्यात ऐकण्याची आणि लिहिण्याची गडबड. इंग्रजी वळणाचा कारकून ‘ऊ’ साठी दोन ‘ओ’ लिहायचा, फ्रेंच वळणाचा ‘ओ’ पुढे ‘यू’. इंग्रज ‘श’ साठी ‘एस-एच’ लिहितो, फ्रेंच ‘सी-एच’. म्हणजे फ्रेंच हाताने लिहिलेली ‘काशी’ आपण आज ‘काची’ वाचतो. फ्रेंच तोंडात ‘ह’ उच्चारला जात नाही, त्यामुळे ‘हरी’ खाली ‘अरी’ही बघावा लागतो. ‘ळ’ तर दोघांनाही ऐकू येत नाही.

उपाय साधा आहे. कागद हातात घेण्यापूर्वी ते नाव मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीत मोठ्याने म्हणा, आणि ती बोली न येणाऱ्या माणसाला कानाने लिहायला सांगा. दहा जणांकडून लिहून घेतलंत तर सात-आठ रूपं मिळतील. ती सगळी शोधा.

नंबर सोडून नावामागे धावणं

मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळायचा, बाईला वेगळा, पोरालाही वेगळा. हा नंबर माणसाला मरेपर्यंत चिकटलेला असायचा. कराराच्या कागदावर तोच, आणि मळा बदलला, लग्न झालं, मृत्यू झाला किंवा माणूस परत निघाला तरी त्या नोंदीत तोच. नाव चार कागदांवर चार तऱ्हेचं असेल, नंबर मात्र एकच. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुराला फोटो लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगणं सक्तीचं केलं आणि तिकिटाशिवाय सापडला की अटक व्हायची. माणसांना जखडण्यासाठी काढलेल्या त्या फोटोंमुळे आज कित्येक घरांना आपल्या पूर्वजाचा चेहरा पाहायला मिळतो. तो बघताना माझा गळा दर वेळी दाटून येतो.

मजुरांच्या या नोंदवह्या मॉरिशसमधल्या मोका इथे महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. तिथे जाण्याआधी घरातल्या जुन्या पेट्या उघडा. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, जमिनीचा कागद, कुठेतरी तो नंबर असतो. आणि शोध नेहमी आजपासून मागे न्या: तुम्ही, आईबाप, आजोबा, एकेका पिढीचा दाखला हातात घेत. जहाजाच्या यादीतला आवडलेला माणूस निवडून त्याच्यापासून खाली यायला लागलात, तर आपल्याला हवी ती वंशावळ जमते.

नंबर सापडला की नुसत्या उताऱ्यावर समाधान मानू नका. उताऱ्यात सगळे रकाने येतीलच असं नाही. मूळ पानावर बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि पहिला मळा अशी माहिती असते. रत्नागिरीच्या त्या आजींच्या दारात मी गेलो तो जिल्ह्याचा एक रकाना न वाचल्यामुळे.

वयावर मात्र भिस्त ठेवू नका. २०, २५, ३० असे गोल आकडे सारखे दिसतील. कारकुनाने चेहरा बघून लिहिलेले असतात ते. देवीचे व्रण, गोंदण, तुटलेलं बोट या खुणा जास्त भरवशाच्या.

वडिलांचं नाव मिळालं नाही म्हणून थांबणं

देवळात किंवा मांडवात लागलेलं लग्न तिथल्या सरकारदरबारी लग्न धरलं जात नव्हतं, सरकारी नोंद केली तरच. त्यामुळे रीतसर संसार करणाऱ्या जोडप्याची मुलं कागदावर अविवाहित आईची म्हणून लागली, आणि आईच्या नावाने. माग अचानक तुटला तर आईच्या नावाने आणि तिच्या नंबराने पुढे जा. हे कागद बघून नातवंडांना वाईट वाटतं, पणजीबद्दल भलतेसलते तर्क होतात. तिच्या वागण्यात काही उणं नव्हतं. कायद्याने तिचं लग्न मानलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१८५४ आणि १८५६ चा कॉलरा आणि १८६६ ते १८६८ ची मलेरियाची साथ यांत घरंच्या घरं रिकामी झाली. या वर्षांनंतर एखादं मूल भलत्याच कुटुंबात दिसलं तर आधी मृत्यूच्या नोंदी बघा.

मळ्यावरून गावात कुटुंब कधी गेलं, ते जमिनीच्या खरेदीखतातून कळतं. १८७० च्या दशकानंतर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या, गिरमिटियांनी पै-पै साठवून घेतल्या. नोटरीच्या त्या कागदांत विकत घेणाऱ्याचा नंबर पुष्कळदा सापडतो.

आजच्या नकाशावर जुनं गाव शोधणं

‘रत्नागिरी’ लिहिलंय म्हणून आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातच हिंडू नका. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. मालवण, देवगड, वेंगुर्ला त्याआधी रत्नागिरीतच होते, आणि गिरमिटाच्या काळात सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होतं. ‘मुंबई’ लिहिलं असेल तर ते बहुतेकदा जहाजात चढण्याचं ठिकाण. माणूस साताऱ्याचा, कोल्हापूरचा किंवा घाटाखालचाही असेल. गाव म्हणून लिहिलेलं नाव तालुक्याचं किंवा बाजाराच्या ठिकाणाचंही असू शकतं. परक्या माणसाने विचारलं तर आपणही आधी वाडी सांगत नाही, जवळचं मोठं गाव सांगतो.

जातीच्या रकान्यात ‘मराठा’ दिसलं की लगेच ९६ कुळांत जाऊ नका. मुंबईहून आलेल्या कुठल्याही मराठी बोलणाऱ्याला कारकून तसं लिहून मोकळा व्हायचा. त्या जहाजांवर कुणबी होते, महार होते, इतरही होते. बोटीवर कुणी वेगळी जात सांगितली असेल तर त्यालाही कारण होतं.

इकडे जन्मनोंद मागणं

कोकणातल्या तहसील कचेरीत १८२५ चा जन्मदाखला मागणारे लोक मी पाहिले आहेत. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, त्या काळाच्या सहसा नसतात. त्यात माणूस मिळाला नाही म्हणून गाव चुकलं असं होत नाही. पण मागे राहिलेल्या भावाची मुलं-नातवंडं त्यांत सापडू शकतात, म्हणून त्या जरूर बघा. बराचसा मजकूर मोडीत असतो. मोडी वाचणारा माणूस सोबत न्या आणि पानाचा फोटो काढून दुसऱ्या जाणकाराकडूनही वाचून घ्या. मोडीत घाईने ओढलेल्या दोन अक्षरांनी वेगळाच माणूस उभा राहतो.

जमिनीच्या कागदांबद्दलही तेच. रत्नागिरीतल्या बऱ्याच गावांत खोती होती. सरकार सारा खोताकडून घ्यायचं, त्यामुळे खोताच्या हाताखालच्या कुळाचं नाव सरकारी दप्तरात उमटेलच असं नाही. ते खोताच्या घरच्या वह्यांत असायचं. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण काही घरांत त्या वह्या अजून आहेत. नम्रपणे विचारलं तर दाखवतात. जहाजांबाबतचा सरकारी पत्रव्यवहार बघायचा असेल तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे. जुन्या मराठी कागदांत ‘मॉरिशस’ हा शब्दच शोधू नका, ‘मोरस’, ‘मोरीस’ही बघा. आपल्याकडे साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत, ते नाव त्याच बेटावरून आलं.

घरातल्या रीतींना पुरावा न मानणं, किंवा फारच मोठा पुरावा मानणं

मॉरिशसचे मराठी लोक गणपतीत झाकरी नाचतात. ती आपली जाखडी, रत्नागिरीकडचा बाल्या नाच. ते पाहिल्यावर लोक म्हणतात, झालं, हे रत्नागिरीचेच. समाजाबद्दल ते बऱ्याच अंशी खरं, पण एका घराबद्दल त्यावरून काहीच ठरत नाही. पुण्याकडच्या माणसाची पोरंही शेजाऱ्यांबरोबर झाकरीच शिकली असणार. कुलदैवत, लग्नातलं देवक, अमुक सणाला अमुक पदार्थ नाही, अशा गोष्टी म्हाताऱ्या बायकांना विचारून जशाच्या तशा लिहून ठेवा. गाव ठरवताना त्या कागदाला जोड म्हणून उपयोगी पडतात. डीएनए चाचणीबद्दल हल्ली फार विचारतात. सहा-सात पिढ्यांपूर्वीचं नातं तिच्यात दिसेलच असं नाही, आणि दिसलं तरी गाव कळत नाही.

गावी जाताना सर्वांत जपायचं ते भावकीला. कोकणात दाराशी आलेल्या माणसाला ‘तू आमचाच’ म्हणायला वेळ लागत नाही. पाहुण्यालाही तेच ऐकायचं असतं. म्हणून बाप आणि गाव ही दोन नावं स्वतंत्र कागदांवर जुळेपर्यंत कुणालाही ‘हे तुमचं घर’ म्हणू नका. गावात विचारताना आपल्याकडचं नाव आधी सांगू नका. ‘तुमच्याकडचं कुणी बोटीने गेलं होतं का?’ एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या. एखाद्या घरात ‘एक भाऊ गेला तो आलाच नाही’ अशी आठवण नावासकट निघाली, तर तिचं मोल मोठं आहे.

खेडच्या आजींना मी पुन्हा जाऊन खरं सांगितलं. त्या कुटुंबाच्या वहीत आज ‘खेड, जिल्हा पुणे, गाव अजून सापडलेलं नाही’ असं लिहिलेलं आहे. चतुर्थीच्या दिवशी मात्र त्यांचा फोन रत्नागिरीला जातो.