पीएसए रिपोर्ट वाचताना: आकडा एकटा पाहू नका

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या) तयार होणारं प्रथिन; प्रोस्टेट कॅन्सरचा अंदाज घ्यायला त्याचं रक्तातलं प्रमाण मोजतात. कॅन्सरच्या पेशी ते बनवतात, तशाच निरोगी पेशीही. त्यामुळे वयानुसार ग्रंथी वाढली किंवा तिला सूज आली, तरी रक्तातलं प्रमाण चढतं. रिपोर्टवर ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा बहुधा सरसकट छापलेली असते. पण पंचेचाळिशीत ३.५ दुर्लक्ष करण्याजोगा नाही आणि पंचाहत्तरीत ५ आला म्हणून हादरून जायचं कारण नाही.

आधी रक्त कधी दिलं ते आठवा. त्याआधीच्या ४८ तासांत वीर्यस्खलन झालं असेल किंवा बराच वेळ सायकल चालवली असेल, तर आकडा थोडा वाढू शकतो. लघवीचा जंतुसंसर्ग मात्र तो कित्येक पट वाढवतो, म्हणून संसर्ग बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच तपासणी करावी. त्रास काहीच नसताना नुसता आकडा उतरवायला अँटिबायोटिक घेऊ नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती औषधामुळे. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. अशा वेळी रिपोर्टमधला २.८ हा ५.६ समजायचा. हे औषध चालू आहे, हे डॉक्टरांना त्यांनी न विचारताही सांगा.

आकडा वाढलेला आला तर काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. लॅब बदलली की पद्धत बदलते आणि तुलना बिघडते. दुसऱ्यांदाही ४ ते १० च्या दरम्यान आला, तर फ्री पीएसएचं (रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेल्या पीएसएचं) एकूण पीएसएमधलं प्रमाण उपयोगी पडतं: २५ टक्क्यांहून जास्त असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० टक्क्यांहून कमी असेल तर जास्त. सोनोग्राफीत ग्रंथीचं आकारमान कळलं असेल तर पीएसएला त्याने भागा. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० मिली असेल तर उत्तर ०.१०, तीच ३० मिली असेल तर ०.२०. उत्तर ०.१५ च्या वर गेलं की संशय वाढतो. पुढची पायरी बहुधा एमआरआय, आणि त्यात संशयास्पद जागा दिसली तर बायोप्सी.

आकडा १० च्या वर असेल तर यूरॉलॉजिस्टची (मूत्रविकारतज्ज्ञाची) भेट लांबवू नका. आणि डॉक्टरांना गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासताना गाठ लागली असेल, तर पीएसए २ असला तरी त्यांना दाखवाच.