जुन्या स्पोर्ट्स कारसाठी विजेचा पंखा निवडताना

नवा पंखा घेण्यापूर्वी गाडी नेमकी कुठे तापते, हे पाहावे. मे महिन्यात संभाजीनगरच्या जालना रोडवर सिग्नलला थांबल्यावर किंवा कन्नडचा घाट खालच्या गिअरमध्ये चढताना काटा वर जात असेल, तर पंख्यावर संशय घेणे योग्य आहे. परंतु मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाही गाडी तापत असेल, तर वारा पुरेसा मिळूनही उष्णता बाहेर पडत नाही, असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतलेले असते. अशा वेळी क्षार धरलेला रेडिएटर आधी साफ करून घ्यावा आणि पुढे कूलंटच वापरावे.

रेडिएटरच्या जाळीची लांबी-रुंदी आणि तिच्यापासून इंजिनपर्यंतची मोकळी जागा मोजावी. जागा असेल तर पंखा मागच्या बाजूस, हवा ओढणारा बसवावा, कारण पुढे बसवलेला पंखा धावत्या गाडीत वाऱ्याला अडथळा करतो. खोक्यावरील हवेचा आकडा बहुधा मोकळ्या हवेत मोजलेला असतो, म्हणून त्यावर विसंबू नये. जाळी झाकणारे श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे आवरण, असलेला मध्यम पंखा मला अधिक भरवशाचा वाटतो.

सर्वांत जास्त विचार विजेचा करावा. 1967 पूर्वीच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नसून डायनामो असतो; त्याची कमाल क्षमता सुमारे 22 अँपिअर असते आणि इंजिन आयडलवर असताना, म्हणजे पंख्याची खरी गरज असते तेव्हाच, तो जवळजवळ काहीच देत नाही. अशा गाडीत 20 अँपिअर खेचणारा मोठा पंखा बॅटरी उतरवतो. त्याच गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले, असल्याने पंख्याच्या तारा नेहमीप्रमाणे जोडल्यास तो उलटा फिरतो. म्हणून पंख्याची बॉडी चेसिसपासून अलग आहे ना आणि हवा योग्य दिशेने जाते ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

जाळीतून आरपार प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधू नये, कारण हादऱ्यांनी नळ्या घासून गळती लागते. चौकटीला पट्टी लावून तो बसवावा. वीज रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूजमधूनच द्यावी, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, 82 अंशांचा असेल तर पंख्याचा स्विच साधारण 92 अंशांना चालू होणारा घ्यावा, थर्मोस्टॅटपेक्षा कमी अंशांचा घेतल्यास पंखा बंदच होणार नाही.